यंग इंडिया : एका स्वदेशी तबकडीची कहाणी

आमच्या पाटोद्याच्या घरात, स्वयंपाकघरातल्या फडताळात, लोणच्याची एक थोरली चिनी मातीची बरणी आहे. तिचे मूळचे झाकण कधी फुटले ते कोणास आठवत नाही. आजी बरणीच्या तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधी आणि त्यावर एक काळी वाटोळी चकती झाकण म्हणून ठेवी. ती चकती म्हणजे गाण्याची तबकडी आहे, हे आम्हां मुलांना ठाऊक होते. दादरा म्हणजे बरणीचे फडके आणि दादरा म्हणजे गाण्यातला ताल, हे दोन्ही अर्थ एकाच बरणीवर कसे एकमेकांवर बसले होते, याची मौज मात्र मला फार उशिरा कळली.

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत मी ती तबकडी उचलून पुसली. इतक्या वर्षांच्या तेलाने मधल्या कागदाचा रंग पार गेला होता. गाण्याचे शब्द दिसेनात, गाणाराचे नाव दिसेना. तरी डोळ्यांजवळ नेऊन पाहता दोन गोष्टी वाचता आल्या. एक म्हणजे कंपनीचे नाव, ‘यंग इंडिया’. दुसरी म्हणजे, जिथे गाणाराचे नाव असायचे त्या जागेच्या शेवटी कंसात छापलेला ‘ॲमॅच्युअर’ हा शब्द. म्हणजे हौशी. नाव गेले आणि हौस तेवढी राहिली!

माणसाचे नाव पुसले गेले की मास्तराला चैन पडत नाही. रोज सकाळी हजेरीपटावरची नावे हाक मारून वाचणे हाच ज्याचा धंदा, त्याला अशी रिकामी ओळ पाहवत नाही. ती ओळ काही मला भरता आली नाही. पण ती भरण्याच्या नादात या ‘यंग इंडिया’ची जी हकिगत हाती लागली, ती दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवावी असे वाटले.

ही हकिगत सांगायची तर थोडे मागे जायला हवे. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग नावाचा एक साहेब कलकत्त्यास उतरला. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने त्याला पूर्वेकडच्या देशांतली गाणी मुद्रित करून आणण्यास धाडले होते. त्याने तिथे ज्यांची गाणी मुद्रित केली, त्यांत गौहरजान ही त्या काळची नामांकित गायिका होती. तेव्हा विजेचा मायक्रोफोन नव्हता. गाणाराने भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, त्या आवाजाने पडदा हलायचा, पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या चकतीवर रेघ ओढायची. गाणे संपते न संपते तोच गौहरजान इंग्रजीत आपले नाव मोठ्याने सांगून टाकी. तो काही केवळ तोरा नव्हता. ती मेणाची चकती तबकडी होण्यासाठी जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरी जायची होती. तिथल्या कामगाराला ठुमरी काय नि टप्पा काय! कोणती चकती कोणाची हे त्याला कळावे, म्हणून ही नाव सांगण्याची तजवीज. त्या पहिल्या दिवसांत गाणाराचे नाव आवाजातच कोरले जाई. कागदावर तेल सांडले तरी ते पुसण्याचे भय नव्हते.

यातला दुसरा विनोद असा की, तबकडी ज्या लाखेची करीत ती लाख आपल्याच देशाची. छोटा नागपूरच्या रानात पळस, बोर, कुसुम या झाडांवर एक बारीकसा किडा ही लाख तयार करतो. आपल्या कासाराकडच्या लाखेच्या बांगड्या त्याच जातीच्या. ती लाख आगबोटीने विलायतेस जायची, तिच्यात दगडाची भुकटी, काजळी नि कापसाचे तंतू मिसळून तिच्यावर आपल्याच बायाबुवांचे गाणे उमटायचे आणि ती तबकडी परत आगबोटीने येऊन आपल्यालाच विकली जायची. लाख आपली, गळा आपला, पैसा आपला. मधला नफा मात्र साहेबाचा. कापसाची आणि कापडाची जी गोष्ट आपण इतिहासाच्या पुस्तकात शिकतो, तीच ही गाण्याची गोष्ट. १९०८ साली कंपनीने कलकत्त्यात सियालदहला कारखाना काढला आणि पुढे वीसेक वर्षांनी तो डमडमला नेला, तेव्हा आगबोटीचे भाडे वाचले. मालक बदलला नाही.

कर्ण्यापुढे कान टवकारून बसलेल्या कुत्र्याचे चित्र घराघरांत गेले ते याच काळात. त्या कुत्र्याला प्रतिस्पर्धी नव्हते असे नाही. जर्मनीची ओडियन होती, कोलंबिया होती, पार्लोफोन होती. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या अखेरच्या वर्षांतल्या ज्या तबकड्यांनी महाराष्ट्राला वेड लावले, त्या ओडियनच्याच. खाँसाहेब १९३७ साली गेले, पण त्या तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांतून त्यांचा स्वर आजही कानी पडतो. परंतु गंमत पाहा. १९३१ साली लंडनमध्ये ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया यांचे लग्न लागले. कोलंबियाने त्याआधीच ओडियन आणि पार्लोफोन यांच्या मूळच्या जर्मन घराण्याला आपलेसे केलेले होते. म्हणजे दुकानात चार छापांच्या चार तबकड्या दिसत, गिऱ्हाईक आपल्या आवडीने निवड करून खुशीत घरी जाई. पण चारीही नद्या शेवटी एकाच समुद्राला मिळत होत्या.

मग आपल्या लोकांनी काही केले नाही काय? केले. वंगभंगाच्या चळवळीत, १९०५ च्या सुमारास, कलकत्त्याच्या हेमेंद्रमोहन बोस यांनी मेणाच्या नळकांड्यांवर गाणी मुद्रित केली. खुद्द रवींद्रनाथांचा आवाज त्यांनी धरून ठेवला होता. पण नळकांड्यांचा जमाना संपून चपट्या तबकड्यांचा आला, आणि तो उद्योगही टिकला नाही. १९३२ च्या सुमारास कलकत्त्यातच मेगाफोन आणि हिंदुस्थान या नावांच्या देशी कंपन्या निघाल्या. कुंदनलाल सैगल प्रथम लोकांपुढे आला तो हिंदुस्थानच्या तबकडीवरून. मात्र या कंपन्यांपाशी तबकडी छापण्याचा कारखाना नव्हता. गाणारे त्यांचे, छाप त्यांचा, पण तबकड्या दाबून यायच्या डमडमहून! शेजाऱ्याशी स्पर्धा करायची आणि भाकरी मात्र त्याच्याच तव्यावर भाजायची, असा तो व्यवहार. शेजाऱ्याने ज्या दिवशी तवा द्यायचे नाकारले, त्या दिवशी चूल विझली.

म्हणूनच १९३५ साली मुंबईत जे घडले त्याचे महत्त्व विशेष आहे. ‘नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ या लांबलचक नावाची कंपनी तिथे निघाली, आणि तिने वडाळ्यास स्वतःचा कारखाना थाटला. तिच्या तबकडीचे नाव ‘यंग इंडिया’. गांधीजींच्या ज्या इंग्रजी साप्ताहिकाने १९१९ पासून पुढची बारा-तेरा वर्षे देश जागा केला, त्याचेही नाव हेच. तेव्हा दुकानात ते नाव वाचताना गिऱ्हाइकाच्या मनात काय येत असेल, हे निराळे सांगायला नको. कायदेभंगाची चळवळ नुकतीच ओसरली होती. अंगावर खादी आली होती. आता कानांनाही स्वदेशीचा लाभ व्हावा, असा तो मनू होता.

कारखाना स्वतःचा असणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी तबकडी कशी होते ते थोडक्यात सांगतो. जाड मेणाच्या चकतीवर सुईने गाणे कोरले जाते. त्या मेणावर विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवतात. तो थर सोलून काढला की गाण्याचा उलटा ठसा मिळतो. खळगा असेल तिथे उंचवटा, उंचवटा असेल तिथे खळगा. त्यावरून पुन्हा सुलटा, सुलट्यावरून पुन्हा उलटे, असे करीत छापण्याचे ठसे तयार होतात. मग वाफेने तापवलेल्या दाबयंत्रात खाली एक ठसा, वर एक ठसा, दोन बाजूंचे दोन कागद आणि मध्ये लाखेचा मऊ गरम गोळा. आपल्या घरी या दिवसांत साच्यात करंजी दाबतात तसा दाब द्यायचा, थंड करायचे, कडेची जास्तीची लाख घासून काढायची, की झाली तबकडी. दहा इंचांची, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी, आणि एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे गाणारी. यातला ठसे बनवण्याचा आणि दाबयंत्राचा भाग ज्याच्या हाती, त्याच्या हाती कंपनीची नाडी. वडाळ्याच्या कारखान्याने ती नाडी आपल्या हाती घेतली होती.

पण तवा आला, तरी पीठ कुठून आणायचे? मोठमोठे गवई, नाटकमंडळ्यांतले लाडके नट, गाजलेल्या बाया, हे सारे जुन्या कंपन्यांनी आधीच बांधून ठेवलेले. बालगंधर्वांच्या नाट्यपदांनी तबकडीचा बाजार भरून गेला होता. नव्या कंपनीला असा मोहरा कुठून मिळणार? तेव्हा तिने दुसरी वाट धरली. ज्यांना कोणी विचारीत नव्हते त्यांना तिने विचारले. नवशिके, उगवते, घरात नि मेळ्यात गाणारे, नोकरी सांभाळून गाणे शिकणारे, असे हौशी लोक तिच्या माइकापुढे उभे राहिले.

‘हौशी’ हा शब्द त्या काळी फार अर्थाने भरलेला होता. गाणे हा ज्यांच्या पोटाचा धंदा, त्यांना समाज टाळ्या देई, पण ओसरीवर घेताना कां कू करी. घरंदाज मुलीचे गाणे तबकडीवर निघायचे, तर ती धंदेवाईक नव्हे हे लोकांना सांगणे जरूर वाटे. म्हणून कागदावर नावापुढे कंसात तो शब्द. ते जणू अब्रूचे कुंकूच. आज तो वाचताना आपल्याला हसू येते, आणि ज्या गुणी बायांच्या नावापुढे तो छापला गेला नाही, त्यांची आठवण होऊन मान खालीही जाते. गाणे त्यांनी सांभाळले आणि प्रतिष्ठा दुसऱ्यांना मिळाली.

या साऱ्याशी आमच्या पाटोद्याचा काय संबंध, असे वाचक विचारतील. बालाघाटाच्या माथ्यावरचे हे गाव. इथल्याच डोंगरात मांजरा नदी उगम पावते. त्या काळी बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. शेजारचे जामखेड इंग्रजी मुलखात. म्हणजे जामखेडहून पाटोद्यास यायचे तर दोन गावांमध्ये दोन राज्यांची हद्द, करोडगिरीचा नाका, आणि पलीकडे गेले की रुपयासुद्धा निराळा, हाली शिक्क्याचा. आजी सांगे की, आजोबांनी फोनो आणि पाच-सहा तबकड्या मुंबईहून आणल्या, त्या नगरपर्यंत आगगाडीने, तिथून मोटारीने आणि शेवटी बैलगाडीत कडब्यात गुंडाळून. नाक्यावरच्या शिपायाने पेटी उघडायला लावली. हे शस्त्र नव्हे, वाद्य आहे, अशी त्याची खात्री पटावी म्हणून आजोबांनी रस्त्याच्या कडेलाच चावी देऊन एक तबकडी लावली. शिपायाने ती दोनदा ऐकली आणि मगच गाडी सोडली!

त्या मुलखात गाणे ही नेहमीच निरुपद्रवी गोष्ट नव्हती, हेही ध्यानात ठेवावे. १९३८ साली औरंगाबाद आणि हैदराबाद इथल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट धरला, तर त्यांना काढून टाकण्यात आले. कित्येकांना शिक्षण पुरे करण्यासाठी नागपूर गाठावे लागले. अशा राज्यात ‘यंग इंडिया’ असे नाव छापलेली तबकडी घरात असणे ही नुसती करमणूक नव्हती. आजोबा काही सत्याग्रही नव्हते. पण त्या कागदावरचे नाव ते मोठ्या आवाजात वाचीत, आणि मगच सुई टेकवीत, असे आजी सांगे. निजामी राजवट १९४८ च्या सप्टेंबरात संपली, तेव्हा आमच्या ओसरीवर ती पेटी रात्रभर वाजत होती म्हणतात.

इकडे मुंबईत कंपनीचे दिवस मात्र सोपे नव्हते. दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि लाख ही युद्धाच्या कामाची वस्तू ठरली. अमेरिकेने तर १९४२ साली तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक मर्यादा घातल्या. युद्ध संपले तोवर लोकांचे कानच बदलले होते. १९३१ साली चित्रपट बोलू लागला आणि १९३२ साली तो ‘अयोध्येचा राजा’ होऊन मराठीतही बोलला. दहा-पंधरा वर्षांत गाणे म्हणजे चित्रपटातले गाणे, असे समीकरण झाले. चित्रपटाचे गाणे लोक आधी पडद्यावर ऐकतात आणि मग दुकानात मागतात. त्याची जाहिरात निराळी करावी लागत नाही. हौशी गाणाराच्या तबकडीला मात्र गिऱ्हाईक एकेक करून शोधावे लागते. शिवाय घरोघर रेडिओ येऊ लागला. १९५२ पासून सिलोन रेडिओवरच्या ‘बिनाका गीतमाले’ने तर देशाचा बुधवार आपल्या नावे करून घेतला. तबकडीचे युगच पालटत होते. अमेरिकेत १९४८ साली अर्धा-अर्धा पाऊण-पाऊण तास वाजणारी, न फुटणारी नवी तबकडी निघाली होती. नवी यंत्रे, नवे भांडवल, नवे करार, हे सारे ज्याला झेपेल तो टिकणार होता.

१९५५ च्या सुमारास ‘यंग इंडिया’चे काम थांबले. स्वदेशीच्या नावाने निघालेली कंपनी परक्यांच्या राज्यात बारा वर्षे तगली आणि स्वराज्यात आठ वर्षांत संपली. यात कोणी कटकारस्थान शोधू नये. स्वराज्य आल्यावर ‘आपले’ या शब्दाची किंमत बाजारात उतरते; कारण मग सगळेच आपले असते. तिथून पुढे माल चांगला आहे का, स्वस्त आहे का, ओळखीचा आहे का, एवढेच पाहिले जाते. कुत्र्याच्या छापाची कंपनी पुढे भारतीयांच्या हाती आली आणि आज ती ‘सारेगामा’ या नावाने नांदते आहे. तिची जुनी गाणी नव्या नव्या वेष्टनांत पुनःपुन्हा येतात. ‘यंग इंडिया’ला मात्र वारस राहिला नाही. ज्याला वारस नाही त्याचे श्राद्ध कोण घालणार?

तरी काही माणसांनी ते काम अंगावर घेतले. १९९० साली मुंबईत जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था निघाली. डॉ. सुरेश चांदवणकर हे पेशाने पदार्थविज्ञानाचे अभ्यासक. पण त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चोरबाजारातून, भंगारवाल्यांकडून, वाड्यांच्या माळ्यांवरून या तबकड्या गोळा करण्यास, त्यांच्या याद्या करण्यास आणि त्यांवर लिहिण्यास आयुष्यातली वर्षे दिली. सरकारी दप्तरात ज्याची नोंद नाही असा इतिहास या लोकांनी कापडाने पुसून पुसून वाचला आहे.

मी स्वतः हे शोधीत असता एक विचार राहून राहून मनात येई. भास्करबुवा बखले यांच्यासारखा गायक महाराष्ट्रात होऊन गेला. १९२२ साली ते वारले. अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत हयात होते. या दोघांचीही एक तबकडी नाही. त्यांचे गाणे कसे होते हे आपण शिष्यांच्या गाण्यावरून आणि ऐकलेल्यांच्या आठवणींवरून ताडायचे. आणि ज्याचे नावही उरले नाही अशा कुणा हौशी जिवाची तीन मिनिटे मात्र लोणच्याच्या बरणीवर शाबूत आहेत! काळाचा हा न्याय म्हणावा की चेष्टा? मला वाटते, यात ‘यंग इंडिया’चे सारे यश आहे. मोठ्यांना जपण्यासाठी देशात पुष्कळ लोक असतात. लहानांना विचारणारी, त्यांना माइकापुढे उभे करणारी कंपनी वीसच वर्षे जगली, म्हणून काही तिचे आयुष्य लहान ठरत नाही.

तबकडी घेऊन मी दिवाळीनंतर नगरला एका स्नेह्याकडे गेलो. त्यांच्याकडे चावीची पेटी अजून चालू आहे. तबकडीला काठापासून आतवर केसासारखी बारीक चीर गेलेली. त्यांनी नवी पिन बसवली, चावी दिली, आणि हलक्या हाताने सुई टेकवली. प्रथम नुसती खरखर. चिरेवरून सुई गेली की टक् असा आवाज होई, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर वेळा. जणू कोणी दार वाजवीत होते. मग त्या खरखरीच्या आडून एक आवाज आला. मुलीचा. कोवळा, जरा भ्यालेला, पण सुराला पक्का. पहिल्या ओळीला ती बिचकली आहे हे कळत होते. दुसऱ्या ओळीला तिने समेवर नेमके पाऊल ठेवले, आणि पुढे ती कोणालाही भ्याली नाही. शब्द नीट लागले नाहीत. तीन मिनिटे सरली. गाणे संपल्यावर मी उगीचच कान देऊन थांबलो, गौहरजानसारखे ही आपले नाव सांगेल म्हणून. ते कसे सांगणार? तोवर ती पद्धत मोडली होती. नाव कागदावर छापलेले आहेच, मग सांगायचे कशाला, असे सर्वांना वाटले असेल.

स्नेह्यांनी ते गाणे माझ्या मोबाइलवर भरून दिले. घरी येऊन मी ते आईला ऐकवले. ती म्हणाली, “सासूबाई हेच गुणगुणत असत लोणचं घालताना. मला वाटायचं, त्यांच्या माहेरचं आहे.”

बरणीला मी आता स्टीलचे झाकण आणले आहे. तबकडी कापडात गुंडाळून पुस्तकांच्या कपाटात उभी ठेवली आहे. तबकड्या आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात, असे त्या स्नेह्यांनी बजावले होते. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर, फडताळात किंवा पाण्याच्या माठावर अशी एखादी काळी चकती असेल, तर या दिवाळीत ती हलक्या हाताने, कोरड्या फडक्याने पुसून पाहावी. मधल्या कागदावर नाव असेल, तर आधी ते वहीत उतरून घ्यावे. गाणे मागाहून ऐकले तरी चालेल.